पाकिटं कमी करायची आहेत, पण मुलांच्या साडेचारच्या भुकेला द्यायचं काय? (नाशिक)

सिडकोवासी

नमस्कार. सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी नवरा, सासूबाई, आठवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. मला घरी पोचायला सहा वाजतात. मुलं साडेचारलाच आलेली असतात आणि मी येईपर्यंत त्यांचं खाऊन झालेलं असतं: नूडल्स, क्रीमची बिस्किटं, खारी, वेफर्स. मग रात्री ताटावर बसायचं जिवावर येतं. सासूबाईंना गुडघ्यामुळे गॅसपाशी फार उभं राहवत नाही, त्यामुळे त्यांच्यावर काही टाकायचं नाही.

परवा महिन्याचा किराणा भरताना प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचत बसले. एका बिस्किटावर पुढे नाचणीच्या कणसाचं हे एवढं चित्र. मागे पहिला घटक मैदा, मग साखर, मग पाम तेल. नाचणी त्यानंतर, तीही एक आकडी टक्क्यात. मुलीच्या वर्गात ‘पौष्टिक खाऊ’ म्हणून बऱ्याच डब्यांत हेच असतं. खूप राग आला.

तर विचारायचंय असं की पाकिटातलं सगळंच टाकायचं का? पोहे, दही, पनीर, आटा हेही पाकिटातूनच येतं की. गहू चक्कीवर दळून आणल्याने खरंच काही फरक पडतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी घरी नसताना मुलांनी आपल्या हाताने घेऊन खावं असं काय ठेवू? क्विनोआ, अ‍ॅव्होकॅडो, बदामाचं पीठ वगैरे नको. नाशकात कोपऱ्यावर मिळणारं सांगा.

अन्नपूर्णा_के

मी आहारशास्त्र शिकते आहे, पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

पाकीट आहे की नाही हे बघू नका, आतल्या पदार्थाचं काय केलंय ते बघा. ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी केली आहे, ती यासाठी सोपी पडते. पहिल्या गटात धान्य, डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, साधं दही. दुसऱ्यात तेल, तूप, मीठ, साखर, गूळ. हे दोन्ही वापरून साध्या रीतीने टिकवलेलं किंवा बनवलेलं तिसऱ्यात, म्हणजे लोणचं, चीज, खारे दाणे. चौथा गट अति-प्रक्रिया केलेल्यांचा: कारखान्यात धान्यातला स्टार्च, प्रथिनं, तेल वेगळं काढायचं आणि रंग, स्वाद, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव धरून ठेवणारे पदार्थ) घालून पुन्हा जुळवायचं. तुमचे पोहे, साधं दही, पनीर बिनधास्त घ्या. फळाच्या स्वादाचं गोड दही मात्र चौथ्यात जातं.

अमेरिकेत २०१९ साली केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना संशोधन केंद्रातच ठेवून प्रयोग केला. दोन आठवडे अति-प्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साध्या पदार्थांचं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. तरी पहिल्या प्रकारात लोक रोज सरासरी सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि वजन ०.९ किलो वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. प्रयोग छोटा होता, दिवसही थोडे, पण एक गोष्ट तुमच्या घराला लागू आहे: पाकिटातलं मऊ असतं, भराभर खाल्लं जातं, आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत बरंच आत गेलेलं असतं.

लेबल वाचताय तर आणखी एक हिशेब. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची, आणि ती मोठ्या माणसाची. आकडा १०० ग्रॅमचा दिलाय की एका सर्व्हिंगचा, तेही बघा. मुलं पूर्ण पाकीट संपवतात.

गिरणीवाली_मावशी

ताई, जुन्या नाशकात आमची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातली, आता मी आणि पुतण्या बघतो. शास्त्र वरच्या मुलीने छान सांगितलंय. मी दळणाचं सांगते.

आट्याच्या पाकिटावर घटक म्हणून फक्त गहू लिहिला असेल तर ते पीठच आहे. आमचा धंदा दळणाचा असला तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. चक्कीवर फायदा हा, की गहू कुठला ते तुम्ही ठरवता आणि कोंड्यासकट सगळा दाणा तुमच्यासमोर डब्यात उतरतो. आपल्या निफाडला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या वाणांची नावंसुद्धा आपल्याच मुलखाची आहेत: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. ओळखीचा शेतकरी असेल तर वर्षाचा गहू त्याच्याकडूनच भरा आणि कडक ऊन देऊन ठेवा.

दाण्याला बाहेरून कोंडा, एका टोकाला अंकुर, बाकीचा सगळा पांढरा पिठूळ भाग. मैद्यात तो पांढरा भाग तेवढा राहतो. अंकुरात तेल असतं, आणि त्या तेलामुळे अख्ख्या दाण्याचं पीठ खवट होतं. बाजरीचं पीठ उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत कडू लागायला लागतं. बायका डबा घेऊन परत येतात, ‘मावशी, चक्कीत काही गेलं का?’ मी सांगते, काही गेलं नाही, बाजरीच ती, दीड-दोन किलोच दळा आणि पुन्हा या. जे खराब होणार ते आधीच काढून टाकलं, बिस्किट सहा-सहा महिने दुकानात टिकण्याचं हेही एक कारण.

आणि दळण घरी नेल्यावर लगेच झाकण घट्ट लावू नका. पीठ गरम असतं, आत वाफ धरते आणि मग जाळी होते. परातीत पसरा, गार होऊ द्या, मग डब्यात भरा.

आता मुलांच्या भुकेचं. संध्याकाळी पाच ते सात आमच्याकडे सगळ्यात गर्दी. दळणाला पुष्कळदा मुलंच येतात. शेजारच्या दुकानात पाकिटांच्या माळा लोंबत असतात. पोरगं ज्वारीचा डबा रांगेत ठेवतं, दहा रुपयांचं पाकीट घेतं, आणि आमच्याच ओट्यावर बसून खातं. त्याला भाकरी आवडत नाही असं अजिबात नाही. पण ज्वारीची भाकरी व्हायला अजून दोन तास आहेत आणि पाकीट दातांनी फाडलं की झालं. म्हणून मुलांना समजावण्यात, रागावण्यात शक्ती घालवू नका. साडेचार वाजता घरात तयार काय आहे, तेवढंच बदला. बाकीचं सगळं मागाहून.

आपल्याकडे तयार ठेवण्यासारखं किती आहे! ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, भाजलेले दाणे आणि गूळ, मनुका, उकडलेली रताळी, काकडी, पेरू, हंगामात द्राक्षं. पण हे डोळ्यांसमोर, हाताला येईल असं ठेवायला हवं. दाणे कच्चे आणि पिशवीत असतील तर कोणी भाजत बसणार नाही. रविवारी अर्धा किलो भाजून, साल पाखडून काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवा आणि बिस्किटाचा डबा विकतच आणू नका. असला की खाल्ला जाणारच, तुमच्याआमच्याकडूनसुद्धा.

आणि भाजणी करा. पूर्वी आमच्याकडे बाराही महिने थालिपिठाची भाजणी दळायला यायची. आता भाजणी म्हटलं की दिवाळीच्या आधीची चकलीची, बाकी वर्षभर क्वचित. ज्वारी एक किलो, बाजरी अर्धा किलो, तांदूळ अर्धा किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, गहू पाव किलो, अख्खे उडीद पाव किलो, नागली (म्हणजे नाचणी) पाव किलो, धणे शंभर ग्रॅम, जिरे पन्नास ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, आच मंद. तांदूळ फुलून पांढरा होतो, उडदाचा खमंग वास सुटतो, हरभऱ्याची डाळ तांबूस होते. धणे-जिरे शेवटी, नुसते गरम होईपर्यंत. पूर्ण गार झाल्यावरच दळायला आणायचं आणि ‘जरा रवाळ दळा’ असं सांगायचं. बारीक दळलं तर थालीपीठ चिवट होतं. भाजल्यामुळे ओल गेलेली असते, म्हणून हे पीठ साध्या बाजरीच्या पिठापेक्षा चांगलं टिकतं. कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ, पाणी, थापलं की दहा मिनिटांत पोटभरीचं खाणं. वर लोण्याचा गोळा.

दोन_टोकं

मावशी, मनापासून लिहिलंय तुम्ही, वाचताना भाजणीचा वास आला. पण मला एक विचारायचंच आहे. हे नऊ जिन्नस वेगवेगळे भाजणार कोण? सिडकोवासी ताई सहाला घरी येते, स्वयंपाक, अभ्यास, डबे, आणि रविवारी पुन्हा कढईपाशी उभी? ‘घरचं खा’ असं सांगितलं की ते काम बाईच्याच अंगावर येतं. पाकिटांनी बायकांचा थोडा वेळ तरी वाचवला, हे आपण कबूल केलं पाहिजे. मी स्वतः पाळीत काम करते, रात्रपाळीच्या आठवड्यात माझ्या घरी ब्रेड-आम्लेटच असतं.

गोदाकाठचा

ब्रेड-आम्लेटमधलं आम्लेट तर उत्तमच की.

मी मिसळीची बाजू मांडायला आलोय. नाशिककर असून कोणी मिसळीला फास्ट फूडच्या रांगेत बसवलं तर वाईट वाटतं. मोड आलेली मटकी, कांदा, लिंबू, दही: हे सगळं खरं अन्न आहे. लक्ष ठेवायचं ते फरसाण, तर्रीवरचं तेल आणि पाव यांच्यावर. मी हॉटेलात ‘मटकी जास्त, फरसाण निम्मं’ सांगतो, कोणी नाही म्हणत नाही. रविवारी मुलांना घेऊन मिसळीला जा, मजेत खा. रोजच्या साडेचारची गोष्ट वेगळी.

भाजीसाठी बुधवारचा बाजार सोडू नका. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, सकाळी लवकर गेलं तर भाजी ताजी मिळते. पावसाळ्यात त्र्यंबक, पेठ, हरसूलकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात. करटुली आणि कुरडू मुलांनाही आवडतात. शेवळं घेतलीत तर करायची कशी ते विकणारीलाच विचारा. आंबट घातल्याशिवाय घशाला खाजतात.

शाळाबाई

प्राथमिकला शिकवते, थोडं शाळेच्या बाजूने. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शाळांसाठी २०२० चे नियम आहेत. त्यानुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. पालकसभेत हा विषय तुम्ही काढा. आम्ही शिक्षकांनी सांगितलं की ‘बाईंची कटकट’ होते, दहा पालकांनी सांगितलं की व्यवस्थापन ऐकतं.

वर्गात बघितलेलं सांगते: मुलं डब्यातलं दुसऱ्याचं बघून खातात. एका मुलीने तिळगूळ घातलेल्या नागलीच्या छोट्या पुऱ्या आणल्या, तर पुढच्या आठवड्यात आणखी दोघींच्या डब्यात त्या दिसल्या. तुमच्या मुलीच्या दोन मैत्रिणींच्या आयांशी बोलून घ्या. एकटीने बिस्किट बंद केलं तर तिला वेगळं पाडल्यासारखं वाटेल.

गिरणीवाली_मावशी

दोन_टोकं ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते मी रोज बघते. पण माझ्याकडे दळण घेऊन येणाऱ्यांत आता बाप्ये खूप आहेत. रविवारी सकाळी तर निम्मे. ज्याला गहू चाळता येतो, चक्कीवाल्याला जाड-बारीक सांगता येतं, त्याला कढईतली ज्वारीही हलवता येते. नऊ जिन्नसांना तास-सव्वा तास लागतो, तो नवऱ्याने एका रविवारी द्यावा. एवढ्या भाजणीवर तुमच्या घराचे दोन महिने आरामात निघतील. आणि तेही जमत नसेल तर बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्या. घटकात धान्य, डाळी, धणे, जिरे एवढंच असेल तर ती भाजणी घरचीच समजा. विकत घेण्यात काहीच वाईट नाही. स्वयंपाकघरात बाईला बांधून ठेवून कोणाची तब्येत सुधारायची नाही.

पाकिटाने वेळ वाचतो, मान्य. पैसे वाचतात असं मात्र समजू नका. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावरचं वजन वाचा. २५ ग्रॅम असेल तर तो बटाटा ४०० रुपये किलोने पडला. दाणे त्याच्या निम्म्यातही येतात.

सिडकोवासी

सगळ्यांचे आभार. हा धागा काल रात्री नवऱ्याला वाचायला दिला. तो म्हणतोय ज्वारी-बाजरी मी भाजतो, डाळी तू भाज. चालेल! शाळाबाई, दोघी आयांना आजच मेसेज केला.

मावशी, दोन शंका आहेत. मुलांना मी नसताना गॅस लावू द्यायचा नाही, मग थालीपीठ साडेचारला कसं? थापून ठेवू का सकाळी? आणि नागली तुम्ही भाजणीत सांगितलीत, ती मुलीला रोज पोटात जावी असं फार वाटतंय, त्या बिस्किटामुळे हट्टालाच पेटलेय. सुट्टी नागली कुठून घेऊ आणि दळायची कशी?

गिरणीवाली_मावशी

थालिपिठाचं पीठ कांदा घालून भिजवून ठेवलं तर कांद्याला पाणी सुटतं आणि सगळं पचपचीत होतं. थालीपीठ तुम्ही सहाला आल्यावर, रात्रीच्या जेवणात. साडेचारला मुलांसाठी सातूचं पीठ करा. गहू खमंग भाजायचा, त्याच्या निम्मं डाळं, थोडी सुंठ आणि वेलची, सगळं एकत्र बारीक दळून आणायचं. वाटीत चार चमचे पीठ, किसलेला गूळ, वरून दूध. कालवलं की झालं, ना गॅस ना सुरी. आठवीतला मुलगा बहिणीलाही करून देईल. उन्हाळ्यात गार दूध किंवा ताक-मीठ घालूनही छान लागतं. सासूबाईंनाही द्या, चावायला नको आणि पोटाला हलकं.

नागली इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची चांगली येते. दिवाळीनंतर नवीन माल उतरतो, तेव्हा पाच-सात किलो भरून ठेवा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्या रोजच्या धान्यात नाही. पण बारीक दाणा म्हणून त्यात माती आणि खडे असतात, ते नुसतं चाळून निघत नाहीत. तीन-चार पाण्यांतून धुवायची, प्रत्येक वेळी वरची वर उपसून घ्यायची म्हणजे खडा तळाशी राहतो. जमलं तर रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा, मग सावलीत पसरून खडखडीत वाळवा. मोडाने ती पचायला सोपी होते आणि तिच्यातलं लोहही अंगी लागायला मदत होते. मुठीत धरून सोडली की दाणे सुटे पडले पाहिजेत. ओली राहिली तर चक्कीत चिकटते, आणि मग मी परत पाठवते.

मुलीला सुरुवात भाकरीने करू नका, ती रंगाला नाक मुरडेल. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून, शिजवून, त्यात दूध-गूळ घालून सकाळी द्या. गव्हाच्या कणकेत चौथा हिस्सा नागली मिसळून पोळ्या केल्या तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तुमच्या भागातल्या गिरणीत नेलीत तर दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला न्या. नागली दळल्यावर चक्कीत तांबूस पीठ राहतं, त्यावर लगेच तांदूळ किंवा उपासाचं दळण घेता येत नाही, मधे कोणाची तरी बाजरी जावी लागते. संध्याकाळच्या रांगेत नेलीत तर चक्कीवाला तुम्हाला थांबवूनच ठेवेल. दोन किलोच न्या, बाकीची दाण्यातच राहू द्या.